पदरची ओळ

सुकऱ्याच्या डफाला सावरोंड्यात कुणी कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. डफ वाजला की हातातलं काम हातात ठेवून माणसं ऐकायची, आणि ऐकलं की तसं करायची.

झरी गावावरून पुढे येऊन ओढा ओलांडला की हे गाव लागतं. गाव म्हणावं तर ते एका जागी नाही. सात टेकाडांवर सात पाडे, कुणी मूठभर दाणे भिरकावले आणि ते पडले तिथंच रुजले असावेत तसे. या साती पाड्यांचा कोतवाल सुकऱ्या. तलाठ्यानं सांगायचं आणि त्यानं डफ गळ्यात घालून पाडोपाडी फिरायचं. लसीची बाई येणार, रेशन आलं, ओढ्याला पाणी चढलंय, पलीकडे जाऊ नका. त्याची हाक ठरलेली होती, आणि ती त्यानं स्वतःच जुळवली होती.

"आयका, आयका! चुलीपुढल्यांनो आयका, विहिरीवरल्यांनो आयका, ताडावर चढलेल्यांनो तिथूनच आयका!"

कोतवालकी बापाकडून आलेली. बापानं शिकवलं होतं, की सांगणाऱ्याचं तोंड बघायचं, त्यानं सांगितलेलं त्यालाच एकदा म्हणून दाखवायचं आणि मगच पाय उचलायचा. सुकऱ्यानं तीस वर्षं हे पाळलं. पण आताचा तलाठी परेश, डहाणूचा तरणा माणूस, त्याच्याकडे तीन गावं. तो सावरोंड्यात फक्त मंगळवारी यायचा. बाकीच्या दिवशी त्याचं सांगणं सुकऱ्याच्या सुनेच्या, सुनिताच्या फोनवर यायचं. 'कोतवालकाका, उद्या पोलिओ. दवंडी द्या.' सुनिता नववी शिकलेली. ती वाचायची, सुकऱ्या तिला म्हणून दाखवायचा आणि निघायचा. तोंड दिसायचं नाही, हे त्याला पहिल्यांदा खुपलं. पण त्या फोनातून आलेलं कधी खोटं निघालं नाही, मग खुपायचंही थांबलं.

मग दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली.

आधी खालून घरघर यायची, कुणीतरी भुईच्या पोटात जातं फिरवतंय अशी. मग मांडणीवरची भांडी एकमेकांशी बोलायला लागायची, भिंतीवरची माती झरायची, आणि सगळं परत जिथल्या तिथं. कधी दिवसातून तीनदा, कधी आठवडाभर काहीच नाही. पोरांची शाळा आंब्याखाली भरायला लागली. सरकारनं तंबू दिले. हिवाळाभर माणसं अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली. कुणाच्याच डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि दमलेलं माणूस जसं कशावरही चिडतं आणि कशावरही विश्वास ठेवतं, तसं गाव झालं होतं.

त्यात फोन. रोज नवी बातमी. 'नासाने सांगितले आहे', 'आताच आलेली बातमी', 'डिलीट करण्याआधी वाचा'. सुकऱ्याच्या पाड्यातल्या रघ्याचं डोकं त्यात सगळ्यांत पुढं. त्याच्या फोनमधून दर दोन दिवसांनी डहाणू-तलासरी समुद्रात जायचं आणि सकाळी परत वर यायचं.

"हा नासा कुठला भगत रं?" काकड्यानं एकदा विचारलं. "कोंबडं किती घेतो? याचं एक पण खरं होत नाय."

काकड्या सातव्या पाड्यातला, सुकऱ्याच्या वयाचा. धाकटी डहाणूच्या एका बोटीवर खलाशी. बोट दुरुस्तीला वर ओढलेली, म्हणून महिनाभर घरी होता. त्याच्याकडे फोन नव्हता. "दर्यात मासळीला फोन कशाला लावू?" म्हणायचा.

"मोठा धक्का आला तर कळणार कसा तुला?" रघ्या म्हणाला.

"सुकऱ्याचा डफ वाजंल ना. तो वाजला की मी पळंन. तोवर झोपू दे."

सुकऱ्या तिथंच बसला होता. त्यानं विडी शिलगावली आणि दुसरीकडे बघितलं. पण ते वाक्य त्यानं घरी नेलं. नवी पैरण जपून ठेवावी, तसं ते त्यानं मनात घडी घालून ठेवलं.

तो बुधवार होता. सकाळी सुनिता घरामागच्या खडकावर चढली. तिच्या फोनला रेंज तेवढ्या खडकावरच यायची. तिचा नवरा प्रविण उंबरगावच्या कारखान्यात कामाला, त्याची रात्रपाळी सुटली की दोघं तिथून बोलत. त्या दिवशी ती बोलली आणि खाली आली ती जवळजवळ घसरतच.

"बाबा, ग्रुपवर साहेबाचा मेसेज हाय."

"वाच."

"'अति महत्त्वाचे. आज दुपारी तीन ते पाच या वेळेत डहाणू-तलासरी पट्ट्यात आजवरचा सर्वात मोठा भूकंप होणार आहे. सर्वांनी घराबाहेर मोकळ्या जागेत थांबावे. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.'"

"असा तर रोज येतो."

"रोजचा रघ्या पाठवतो. हा साहेबानं पाठवलाय."

"नीट बघ. साहेबाचा फोटो हाय त्याच्यावर?"

"हाय. गॉगलवाला."

"दवंडी द्या म्हणलाय?"

सुनितानं परत बघितलं. "'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा' म्हणलाय."

सुकऱ्यानं डफाकडे बघितलं. लोकांपर्यंत पोचवणं म्हणजे तरी काय? तीस वर्षं तो दुसरं काय करत होता?

"वर जा, फोन लाव त्याला."

ती गेली. अर्ध्यावरूनच ओरडली, "लागत नाय बाबा! तहसीलला मीटिंग असंल!"

"मग ये खाली. सामान बाहेर काढायला घे."

दहा वाजत आले होते. सात पाडे फिरायला चार तास लागतात. सुकऱ्या उंबऱ्यावर बसला, डफ मांडीवर घेऊन. खोटं असलं तर लोकांचा अर्धा दिवस वाया जाईल. काजूची बाग राखायला जाणाऱ्यांची मजुरी बुडेल, चार शिव्या मिळतील. आणि खरं असलं, आणि आपण इथंच बसून राहिलो तर? या एका 'तर'नं त्याला उठवलं. त्यानं डफ चुलीच्या धगीवर धरला, चामडं ताणलं, आणि निघाला.

पहिल्या तीन पाड्यांत त्यानं आलं तसंच सांगितलं. दुपारी तीन ते पाच, मोठा धक्का, घराबाहेर थांबा. लोक उठले. फोनवर हाच मेसेज काहींनी सकाळीच बघितला होता आणि पुढं सरकवून ते कामाला लागले होते. आता डफ वाजला तशी त्यांनी पोरं घराबाहेर घेतली.

तिसऱ्या पाड्यात म्हातारी रखमी दारात येऊन म्हणाली, "मी बाहेर येतंय रं. पण परत येऊन निजायचं ना आतच? वर कौलं हायत, आढ्यावर दगड ठेवलेत वाऱ्यासाठी. धक्क्यानं सुटली आणि मागनं डोक्यात पडली तर?"

सुकऱ्याला ते पटलं. चौथ्या पाड्याच्या चढावर तो मनातल्या मनात तेच घोळत राहिला, आणि चढ संपेपर्यंत ओळ तयार झाली.

"डोईवरचं जड उतरा! कौलं उतरा, दगड उतरा, लेकरांवरला भार उतरा!"

डफावर ती अशी बसली, जशी या दवंडीसाठी आधीपासूनच बनली होती. तीन ठोके, तीन 'उतरा'. चौथ्या पाड्यातली माणसं ती ऐकून हलली. पाचव्यात, सहाव्यात त्यानं ती आणखी जोरात म्हटली. ही ओळ कुणी पाठवली नव्हती. ती त्यानं पदरची घातली होती. पण चालताना, तहान लागलेली असताना, वेळ जवळ येत असताना, साहेबाचं कुठलं आणि आपलं कुठलं याची शिवण त्याच्या डोक्यातून निघून गेली. तालात होतं ते सगळंच खरं वाटत होतं.

सातव्या पाड्यात तो दीडला पोचला. काकड्या खाटेवर पडला होता. डफ ऐकून उठून बसला.

"खरंच काय रं?"

"साहेबाचा सांगावा हाय," सुकऱ्या म्हणाला.

काकड्यानं दुसरं काही विचारलं नाही. त्यानं बायकोला, नवशीला हाक मारली आणि घराच्या वाशांकडे बघितलं.

तीन वाजता सुकऱ्या आपल्या पाड्यावर परतला तेव्हा सगळा पाडा मोकळ्या शेतात बसलेला. कोंबड्या टोपल्यांखाली, कुणाचा टीव्ही गोधडीत गुंडाळलेला. रखमी वरच्या पाड्यावरून चालत आली होती, घरातला देव फडक्यात बांधून मांडीवर घेऊन. भाताचे सड पायांना टोचत होते. सगळे खाली बघत होते. जमिनीकडे इतकं लक्ष देऊन त्या माणसांनी पेरणीतही बघितलं नसेल. साडेतीन झाले. एक होला उडत येऊन बांधावर बसला, त्याच्याकडेही लोकांनी संशयानं बघितलं. चार झाले. एक पोर रडायचं थांबून झोपलं. पावणेपाचला कुणीतरी हसलं, आणि मग सगळं शेत हसलं, पण ते हसू नीट लागलं नाही. पाठी दुखत होत्या.

"चला, आज नाय आला. उद्या परत बसू," रघ्या म्हणाला.

सुनिता खडकावर गेली होती. ती आली ती हळू, फोन दोन्ही हातांत धरून.

"बाबा, साहेबाचे अजून दोन मेसेज होते. मी तेव्हा खाली आली ना, त्याच्यामागनं आलेत."

"काय म्हणतो?"

"पहिला त्याच्याच खाली हाय. दोन मिनटांनी टाकलेला. 'ही बातमी खरी आहे का? कोणाला माहिती असल्यास कळवा.'"

सुकऱ्यानं तिच्याकडे बघितलं.

"दुसरा एक वाजताचा हाय. 'वरील मेसेज अफवा आहे. विश्वास ठेवू नये.'"

एक वाजता तो सहाव्या पाड्यात होता. उतरा म्हणत होता.

तो काही बोलणार, एवढ्यात रघ्याचा फोन वाजला. सातव्या पाड्यातला एकजण रस्त्यावर येऊन बोलत होता. कौलं उतरवताना काकड्या आढ्यावरून पडला होता. अर्धं घर उतरून झालं होतं. नवशी खाली उभी राहून कौल झेलत होती, एक झेललं, दुसऱ्याला वर बघितलं तर तोच येताना दिसला. मांडीचं हाड गेलं होतं. जीपमधून त्याला गुजरातकडच्या दवाखान्यात नेत होते.

दोन दिवसांनी ती गोष्ट फोनवर परत आली. रघ्यानं काकड्याच्या घराचा फोटो काढला होता. उघडे वासे, खाली कौलांचा ढीग. त्यानं कुणा एकाला पाठवला, त्यानं दुसऱ्या कुणाला. फिरून आला तेव्हा त्यावर लाल पट्टी होती. 'ब्रेकिंग न्यूज. सावरोंडे येथे भूकंपात घर उद्ध्वस्त, एकाचा मृत्यू.' प्रविण कारखान्यातून घाबरून फोन करू लागला. धाकटी डहाणूला काकड्याच्या तांडेलानं, बोटीच्या म्होरक्यानं, बातमी बघून दुरुस्तीचं काम थांबवलं, दर्यात त्याच्या नावानं नारळ सोडला, आणि दुसरा खलाशी बघितला.

"मी काय टाकलं? मी फक्त फोटो टाकला," रघ्या सगळ्यांना सांगत सुटला. "बाकीचं माझं नाय."

सुकऱ्यानं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

मंगळवारी परेश आला. कार्यालय म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, एक टेबल. त्यानं सुकऱ्याला खुर्ची दिली. एरवी तो द्यायचा नाही असं नाही, पण आज त्यानं स्वतः पुढं ओढली.

"काका, मला खरंच वाईट वाटतंय. पण मी विचारलं होतं हो. खाली लिहिलं होतं, खरं आहे का म्हणून."

"साहेब, तू खाली लिहिलंस." पाड्याच्या बोलीत अहो-जाहो नव्हतं, आणि परेशलाही ते आता सवयीचं झालं होतं. "आमच्याकडं वरचं तेवढं पोचलं."

"मला तर तहसीलच्याच एका ग्रुपवर आलं होतं. मला वाटलं, तुमच्याकडे कुणाला माहीत असेल. आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं ना जमिनीचं." त्यानं फोन सुकऱ्यासमोर धरला. "हे बघा. तिन्ही डिलीट केलेत मी. आता ग्रुपवर काहीच नाही. लोक विसरतात काका. आठवड्यात विसरतात."

सुकऱ्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं बघितलं. तिथं खरंच काही दिसत नव्हतं. त्याला नवल वाटलं. त्यानं सांगितलेलं सात टेकाडांवर पडलं होतं, आणि एकाचं हाड मोडलं होतं. ते कसं पुसायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"साहेब, तू मला एक सांगावा दे. बुधवारची दवंडी खोटी होती, असा. मी फिरतो."

परेशनं पंखा बंद केला, मग परत चालू केला. "नको. लेखी काही नाहीये. तुम्ही असं फिरलात तर विचारतील, कोतवालाला सांगितलं कुणी? मला नोटीस येईल, मागोमाग तुम्हालाही. तुमचं दोन वर्षांवर आलंय ना रिटायर व्हायचं? कशाला?" मग आवाज सारखा करून म्हणाला, "त्यापेक्षा हे करा. परवा गुरुवारी इंजिनियर येणार आहेत शाळेत. भिंतीला तडे गेलेल्यांनी नावं द्यायची. घर राहण्यासारखं आहे की नाही, ते बघून सांगतील. हे खरं आहे, माझ्या समोर आलंय पत्र. हे घ्या, बघा."

सुकऱ्यानं ते त्याला म्हणून दाखवलं. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. आणि फिरला.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक हसले, पाणी दिलं, बसायला दिलं.

"बस रं दादा. गुरुवारी ना? रघ्याला विचारतो, फोनवर काय येतंय."

"मनाला लावून घेऊ नको. फोन रोज फसवतो, तू एकदाच फसवलास."

आणि चौथ्या पाड्यातली एक पोर, पाण्याचा हंडा डोक्यावर, लाडानं म्हणाली, "काका, पुढचा धक्का कवा? पावडर लावून बसतो आम्ही."

गुरुवारी इंजिनियर शाळेच्या आंब्याखाली दोन तास बसला. नऊ माणसं आली. रखमीच्या भिंतीत हात जाईल एवढा तडा होता, ती आली नाही. सुकऱ्या तिच्याकडे धावत गेला. ती ओसरीवर बसून भात पाखडत होती.

"चल ना, साहेब बसलाय तिथं."

"खरंच बसलाय काय?" तिनं सूप न थांबवता विचारलं. "मागल्या बारीला पण सांगितलंस. माझे गुडघे दोन दिवस उठले नायत."

त्यानं तिचा हात धरून तिला नेलं. पोचले तेव्हा इंजिनियरची गाडी ओढ्यापलीकडे धूळ उडवत चालली होती. रखमीनं धूळ खाली बसू दिली. पदरानं तोंड पुसलं आणि आल्या वाटेनं परत निघाली. सुकऱ्या तिच्या मागून तिच्या घरापर्यंत गेला. त्या भिंतीखाली ती आज निजणार, उद्या निजणार. कुठल्यातरी धक्क्याला तो खरंच तिला उठवायला येईल, आणि ती सूप न थांबवता विचारेल, खरंच काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डफ तापवला.

"साहेबाचा मेसेज नाय आला," सुनिता म्हणाली.

"नाय आला."

"मग सांगावा कुणाचा?"

"माझा."

तिनं आत जाऊन भाकर फडक्यात बांधून आणली. "दुपारपर्यंत नाय यायचास तू," एवढंच म्हणाली.

पहिल्या पाड्यात त्याचा आवाज नीट निघाला नाही. आपल्याच नावाची दवंडी त्यानं कधी दिली नव्हती.

"आयका, आयका! चुलीपुढल्यांनो आयका, विहिरीवरल्यांनो आयका! बुधवारची दवंडी खोटी होती. साहेबाला उलटून विचारायच्या आधी सुकऱ्या कोतवाल धावत सुटला. चूक त्याची. पुढल्या दवंडीला मला विचारा, तोंड बघितलंस काय सांगणाऱ्याचं? नाय म्हणलो तर ऐकू नका!"

लोक दारात आले. "बरं बरं," म्हणाले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आणि हे? हे तरी खरं का?" त्यावर पाडा हसला, सुकऱ्याही हसला. पण म्हातारा हसला नव्हता. तो खरंच विचारत होता.

"हे खरं," सुकऱ्या म्हणाला.

दुसरा, तिसरा. रखमीच्या दारात त्यानं दवंडी दोनदा म्हटली. चौथ्या पाड्याच्या चढावर त्याचे पाय भरून आले. पाचवा झाला, सहावा झाला. प्रत्येक ठिकाणी तो तेच म्हणत होता आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. ते वाटणं त्यानं उन्हावर ढकललं.

सातव्या पाड्यात काकड्या अंगणात खाटेवर होता. पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये, कोरा पांढरा. परवाच त्याला दवाखान्यातून घरी आणलं होतं. घराच्या अर्ध्या भागावर कौलं, अर्ध्यावर निळी ताडपत्री. नवशी उरलेल्या कौलांतली फुटकी एका बाजूला काढत होती.

सुकऱ्यानं अंगणाबाहेर उभं राहून दवंडी दिली, सगळी. काकड्यानं डोळे मिटून ऐकली.

"झाली?" काकड्यानं विचारलं.

"झाली."

"ये, बस. मेलेल्याच्या घरी उभा राहू नको." काकड्या दातांत हसला. "तांडेल येऊन गेला काल. मला बघून त्याचीच वाचा बसली. म्हणतो, नारळ तर सोडला, आता तुला परत घेऊ कसा? मी म्हणलं, पाय मोडलाय, मी पण लगेच येत नाय, तू दर्याला समजावून ठेव तोवर."

सुकऱ्या खाटेजवळ उकिडवा बसला. नवशीनं हातातलं कौल खाली ठेवलं.

"दादा, एक इचारू?"

"इचार."

"साहेबाच्या सांगाव्यात काय होता? मी सुनिताला इचारलं. तिनं सगळं म्हणून दाखवलं. घराबाहेर थांबा, एवढंच होता त्याच्यात. कौलं उतरा नव्हता." तिचा आवाज चढला नाही. "आता तू खोटी दवंडी म्हणलास, साहेबाचं म्हणलास, उलटून इचारायचं म्हणलास. कौलाचं नाय म्हणलास. ते कुणाचं?"

अंगणात एक कोंबडी प्लास्टरला चोच मारून बघत होती. काकड्यानं तिला हाकललं नाही.

"माझं," सुकऱ्या म्हणाला.

"कशाला घातलंस?"

"रखमी म्हणाली कौलं पडतील म्हणून. मला बरं वाटलं ते सांगायला." तो थांबला. "आणि तालात बसलं."

नवशी खाली बसली, कौलाच्या ढिगाजवळ, कधीपासून उभी असल्यासारखी. काकड्या आकाशाकडे बघत होता.

"हा दमायचा चढायला," ती म्हणाली. "मी म्हणलं जाऊ दे, ताडपत्री टाकू वर. तर म्हणला, फोनवाल्यांचं मी ऐकत नाय, पण सुकऱ्यानं उतरा म्हणलंय. त्यानं म्हणलं म्हणजे उतरायचं."

"आता जाऊ दे, नवशे," काकड्या म्हणाला. "म्हातारा माणूस उन्हातून आलाय. पाणी दे."

तिनं पाणी दिलं. सुकऱ्या प्यायला. काकड्यानं खाटेच्या कडेवर हात ठेवला होता, सुकऱ्याच्या खांद्याजवळ. तो खांद्याला लागला नाही आणि मागेही गेला नाही.

"मोठा धक्का येईल काय रं खरंच कधी?" काकड्यानं विचारलं.

"मला ठाऊक नाय."

"हे पण सांगत जा दवंडीत."

सुकऱ्या उठला. दुपार टळत आली होती. घरची वाट खालून, ओढ्याकाठानं सरळ जात होती. सुनिता वाट बघत असेल. त्यानं डफ गळ्यात सारखा केला आणि वरच्या वाटेला लागला. ती ओळ त्यानं चौथ्या, पाचव्या, सहाव्या पाड्यात म्हटली होती. तिथं कुणी चढलं नव्हतं, कुणी पडलं नव्हतं, पण ऐकली होती त्यांनी. तिथं अजून ती साहेबाची होती.

सहाव्या पाड्याच्या विहिरीवर दोन बाया पाणी काढत होत्या. त्याला परत येताना बघून एकीनं दोर धरून ठेवला.

"काय रं दादा, विसरलास काय?"

"राहिलंय थोडं," सुकऱ्या म्हणाला. डफाचं चामडं सैल झालं होतं आणि इथं तापवायला चूल जवळ नव्हती. त्यानं तो तसाच बाजूला सारला, विहिरीच्या कठड्याला हात टेकला, आणि नुसत्या आवाजानं, न वाजवता, सांगायला लागला.